तीन नंबरच्या घराची काच

गोजरबाईनं बावीस हंगाम ऊस तोडला होता. त्या बावीस हंगामांत तिनं ट्रेलरवर ऊस पाहिला, बैलं पाहिली, एकदा तर अख्खी विहीर खणायची यारी पाहिली. पण ट्रेलरवर बसून घर येताना तिनं पाहिलं ते थेट एका चैतात, कोपरगावच्या अलीकडं, गोदावरीच्या काठी. एकामागोमाग चार ट्रेलर आले. प्रत्येकावर एकेक घर. दार लावलेलं, रंग दिलेला, आतला पंखासुद्धा बसवलेला. क्रेननं ती घरं उचलली आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर अलगद ठेवली, जशी बाई फळीवर डबे मांडते तशी. सकाळी ट्रेलर आला आणि दुपारी तिथली व्यवस्था बघणाऱ्या मरियाताईंनी एक नंबरच्या घरात चहा केला. गोजरबाई कप हातात धरून उभीच राहिली. घर म्हणजे पाया खणायचा, नारळ फोडायचा, पुढं दोन वर्षं अर्धवट भिंतीत राहायचं, एवढंच तिला माहीत होतं.

मालक नाशिकचे. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांनी ही चार घरं मांडली होती. घर एवढंसं, वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. त्यातच पलंग, ओटा, न्हाणी. पण नदीकडची अख्खी भिंत काचेची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खालपासून छतापर्यंत एकच काच, मधे गज नाही की चौकट नाही. एवढ्याशा खोलीत पाय ठेवला की सगळी नदी, पलीकडचे मळे आणि आभाळ अंगावर आल्यासारखं व्हायचं. पाहुणे त्यासाठीच यायचे.

गोजरबाई पाथर्डीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली. तिच्या गावात दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात आणि माणसं ट्रकात बसून कारखान्यांकडं निघतात. तिचं लग्न झालं त्याच साली ती नवऱ्याबरोबर, सूर्यभानबरोबर, पहिल्यांदा निघाली. वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत राहायचं. कोपीला खिडकी नसते. फटी असतात, त्यातून थंडी येते. त्यामुळं या भिंतभर काचेची तिला पहिले आठ दिवस भीतीच वाटली. झाडू मारताना ती काचेकडं पाठ करायची नाही. आपण इथं वाकलोय, पदर खोचलाय, आणि बांधावरनं जाणारा येणारा बघतोय, असं तिला सारखं वाटायचं.

शेवटी मरियाताईंनी तिला हाताला धरून भर दुपारी बाहेर नेलं. मरिया साळवे कोपरगावातल्या एका मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं रेक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर मालकांनी त्यांच्याकडं इथली व्यवस्था सोपवली होती. गोजरबाई आधी शहरातल्या ज्या बंगल्यावर धुणंभांडी करायची, तिथनं तिला इथं आणलं तेही त्यांनीच. "आता बघा आत," त्या म्हणाल्या. गोजरबाईनं पाहिलं तर काचेत ती स्वतःच उभी. पायापासून डोक्यापर्यंत, मागं नदी, मागं आभाळ. काचेला बाहेरून कसलासा थर दिलेला होता. दिवसा आतल्याला सगळं दिसायचं, बाहेरच्याला फक्त आपलंच तोंड. त्यानंतर तिची भीड चेपली. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, रबरी पट्टी वरून खाली एका दमात ओढून ती काच अशी पुसायची की पाहुणे काच उघडी आहे समजून हात पुढं करायचे. मालकांनी एकदा येऊन तिचं कौतुक केलं, तेव्हा ती दिवसभर त्या आनंदात होती.

हे सगळं लेकीला सांगावं असं तिला पुष्कळदा वाटायचं. पण घर ट्रेलरवरून येतं, भिंत काचेची असते, हे फोनवर सांगायचं कसं? शिवाय आपण ओळखीचा बंगला सोडून डब्यासारख्या घरात काम धरलं म्हटल्यावर लेक काळजी करेल. म्हणून ते राहूनच गेलं. आई अजून शहरातल्या बंगल्यावरच आहे, असं लेकीला वाटत होतं.

लेकीचं नाव दिशा. गोजरबाईला एकच पोर. ती दीड वर्षाची असताना फडात उसाच्या ढिगाआड झोपवलेली, आणि ट्रॅक्टरवाल्यानं न बघता ट्रॅक्टर मागं घेतला. एका हाताच्या अंतरानं पोर वाचली. त्या दिवशी गोजरबाईनं ठरवलं की हिला फडात आणायचं नाही. मग आजीकडं, आजी गेल्यावर शेवगावच्या वसतिगृहात, अशी तिनं पोरगी बारावीपर्यंत शिकवली. दिशा दहावीत असताना सूर्यभान भरल्या ट्रॉलीवरून पडून गेला. त्यानंतर एक हंगाम गोजरबाईनं दिराच्या टोळीत काढला, पण कंबरेनं साथ सोडली आणि ती कोपरगावात धुणंभांडी करायला आली.

दोन वर्षांपूर्वी दिशाचं लग्न झालं. मुलगा शेवगाव तालुक्यातला, करण नावाचा, आयटीआय झालेला, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर. बघण्याच्या वेळी गोजरबाईनं एकच प्रश्न विचारला होता. "तुमच्या घरात कोयता हाय का?" मुलाचे वडील हसून म्हणाले होते, आमच्याकडं कोणीच जात नाही आता. तेवढ्यावर तिनं होकार दिला.

लग्नानंतर दिशा दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची. सुप्याला खोली घेतलीय, यांची शिफ्ट बदलली, समोरच्या काकू चांगल्या आहेत. एकदा तिनं खोलीच्या दारातल्या कुंडीचा फोटो पाठवला. गोजरबाई तो फोटो मरियाताईंना दाखवायची, पाहुण्यांना दाखवायची. तिच्या साऱ्या आयुष्याच्या हाडाच्या काडांचं काय झालं असं कोणी विचारलं असतं, तर तिनं तो कुंडीचा फोटो पुढं केला असता.

जानेवारीत घरांच्या आजूबाजूचा ऊस तोडायला टोळी आली. मालकांनीच कारखान्याच्या मागं लागून तोड लवकर घेतली होती, कारण ऊस वाढून खिडकीतली निम्मी नदी झाकली गेली होती. टोळीनं रस्त्यापलीकडच्या पडीक रानात कोप्या टाकल्या. आताच्या कोप्यांवर पाचटाऐवजी निळी ताडपत्री असते, एवढाच फरक. मरियाताई म्हणाल्या, तुमच्याकडचीच माणसं असतील, जाऊन भेटा की. गोजरबाई गेली नाही. काय म्हणून गेली नाही हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. आपण त्यातून बाहेर पडलो, आता त्यांच्यासमोर धुतलेल्या साडीत जाऊन उभं राहणं तिला बरं वाटेना.

पण बघितल्यावाचून राहवेना. पहिले तीन दिवस टोळी डावीकडच्या तुकड्यात होती, दोन-अडीचशे पावलांवर. तीन नंबरच्या घराच्या काचेतून तो तुकडा आणि ट्रॉली भरायची जागा दोन्ही दिसायची. काच पुसता पुसता गोजरबाईचा हात थांबायचा. कोण बुडातून तोडतो, कोण वर बुडखा ठेवतो, कोणाची मोळी सैल सुटते, हे तिला एवढ्या लांबूनही कळायचं. त्यात एक बाई तिच्या डोळ्यांत भरली. साडीवर निळा पुरुषी शर्ट, तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळलेली. डोक्यावर मोळी घेऊन ती ट्रॉलीच्या फळीवरून चढताना पाय अंदाज घेत टाकायची. दुसऱ्या दिवशी ती फळीच्या मधे थांबली, दम खाल्ला आणि मग वर गेली. गोजरबाई मरियाताईंना म्हणालीसुद्धा, "नवीन हाय ती. पण दमाची हाय, मोळी टाकून देत न्हाई."

चौथ्या दिवशी टोळी समोरच्या तुकड्यात आली. तीन नंबरला त्या संध्याकाळी पाहुणे येणार होते. गोजरबाई आतून काच पुसत होती. दुपारी कोयत्यांचा आवाज थांबला. टोळी रस्त्याकडेच्या बाभळीखाली भाकरी खायला बसली. घरांच्या मागं पाण्याचा नळ होता, मालकांनी टोळीला तिथून पाणी घ्यायची परवानगी दिली होती. निळ्या शर्टातली ती बाई हातात बाटली घेऊन एकटीच नळाकडं आली. जाताना तिची नजर काचेवर पडली आणि ती थांबली.

गोजरबाईला हसू आलं. टोळीतल्या बायका कोपीत आरसा ठेवून ठेवून केवढा ठेवणार? तळहाताएवढा. अख्खं अंग दिसेल असा आरसा तिनं स्वतः पहिल्यांदा पाहिला तो पाथर्डीच्या कापड दुकानात. बघू दे बिचारीला, असं मनात म्हणून ती बाजूला सरकली.

बाई काचेजवळ आली. इतकी जवळ की मधे हातभर अंतर उरलं. तिनं तोंडावरची ओढणी सोडली.

ती दिशा होती.

गोजरबाईच्या हातातली रबरी पट्टी खाली पडली. तिला ते कळलं नाही. तिला वाटलं आपल्याला भास होतोय. कामाच्या नादात लेकीचा विचार आला असेल आणि कुठल्यातरी पोरीच्या तोंडावर तो जाऊन बसला असेल. पण डाव्या भुवईतली खोक तीच होती, वसतिगृहाच्या पायरीवर पडलेली. गाल आत गेले होते. कातडी उन्हानं रापली होती आणि उसाच्या पात्यांनी गालावर बारीक बारीक चिरा काढल्या होत्या. दिशानं काचेत बघून केसातलं पाचट काढलं. ओठ ओले केले. शर्टाची बाही वर सारून मनगटाजवळच्या फडक्याची गाठ दातानं घट्ट केली.

मग ती एका अंगानं वळली. पाठ ताठ केली, दोन्ही हातांनी शर्ट मागं ओढून पोटावर ताणला आणि स्वतःकडं बघत राहिली. पोट पुढं आलं होतं. पाचवा, फार तर सहावा महिना असेल. दिशानं पोटावर हात ठेवला, मान तिरकी करून काचेत पुन्हा पाहिलं, आणि थोडी हसली. आपलं पोट केवढं दिसतं हे ती पहिल्यांदाच बघत होती.

 गोजरबाईनं हात उचलला, काचेवर थाप मारायला. पण हात तिथंच राहिला. थाप मारली तर पोरगी दचकेल, पळेल, पडेल. आणि आत आपण दिसणार नाही ते नाहीच. काच दुहेरी होती, हाक मारली तरी पलीकडं गेली नसती. एका हाताच्या अंतरावर लेक होती आणि तिला आईचा पत्ता नव्हता.

तिनं कमरेच्या पिशवीतनं फोन काढला. घाईत दोनदा भलताच नंबर लागला. तिसऱ्यांदा दिशानं शर्टाच्या खिशातून फोन काढला. नाव बघितलं. तिचा चेहरा बदलला. तिनं बाभळीकडं एकवार पाहिलं, टोळीच्या बोलण्याचा आवाज फोनवर जाऊ नये म्हणून घराच्या कोपऱ्याला चार पावलं सरकली, घसा साफ केला आणि मग फोन कानाला लावला. हे सगळं गोजरबाई बघत होती.

"हां आई, बोल."

आवाज नेहमीचा होता. हसरा, निवांत.

"काय करतीस?" गोजरबाईनं विचारलं.

"काय न्हाई, रूमवरच हाय. आत्ता भाकरी टाकल्या. मेथी केलीय. हे ड्युटीवर गेल्यात."

दिशा कोपऱ्याला टेकून उभी होती. पायात चपला दोन वेगवेगळ्या होत्या. बोलता बोलता ती पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाला लागलेली माती खरवडत होती.

"तब्येत बरी हाय ना गं?"

"एकदम बरी. तुझी कंबर कशी हाय? जड उचलू नको बघ."

 गोजरबाईनं बरं म्हटलं, जेव पोटभर म्हटलं आणि फोन ठेवला. काचेपलीकडं दिशानं फोन खिशात टाकला, डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला, ओढणी पुन्हा तोंडाला गुंडाळली आणि बाटली घेऊन नळाकडं गेली.

मरियाताई चादरी घेऊन आल्या तेव्हा गोजरबाई फरशीवर बसलेली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. मरियाताईंना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी दिलं, तिनं पेला हातात धरून ठेवला. मग ती बोलली ते भलतंच.

"तीन दिवस मी तिला बघत हुते. नवीन हाय म्हनले. दमाची हाय म्हनले."

मरियाताईंना आधी काहीच उमगलं नाही. मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. लेक खोटं बोलली याचं गोजरबाईला त्या क्षणी काहीच वाटत नव्हतं. ज्या पोरीला आपण अंधारातसुद्धा पायरवावरून ओळखलं असतं, ती फळीवर दम खात उभी असताना आपण हातात फडकं घेऊन तिची पारख करत होतो, हे तिच्या काळजात रुतून बसलं होतं. तोंडावर ओढणी होती, अंतर होतं, असं मरियाताईंनी समजावून पाहिलं. गोजरबाईला ते पटेना.

"आता जा तिच्याकडं," मरियाताई शेवटी म्हणाल्या.

"गेले तर ती शरमेनं मरंल."

"आणि नाही गेलात तर उद्या ती पुन्हा फळीवर चढेल."

गोजरबाई उठली. मागच्या दारानं बाहेर पडली आणि बांध ओलांडून फडात शिरली. टोळी परत कामाला लागली होती. तोडलेल्या उसाच्या ओळीपाशी दिशा वाकून वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्याचा, पीळ घालत होती. गोजरबाई तिच्या पलीकडं बसली, उसाची दहा-बारा कांडकी जुळवली, वाढ्याला पीळ दिला आणि मोळी आवळली. इतकी वर्षं झाली तरी हात विसरले नव्हते. दिशाला वाटलं शेजारची बाई मदतीला आली. तिनं मान वर केली.

समोर आई होती. दिशा हळूहळू मागं सरकली आणि शर्ट पोटावरून पुढं ओढू लागली, लहानपणी काही सांडलं की झाकायची तशी.

"मेथी संपली का?" गोजरबाई म्हणाली. तिला तसं बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

त्यावर दिशा मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागली. कोयते थांबले. लांबून करण धावत आला आणि सासूला बघून जागच्या जागी थिजला.

सगळं कळायला फार वेळ लागला नाही. करणचं काम कंत्राटी होतं. पावसाळ्यात कारखान्यानं मशीनची एक अख्खी ओळ बंद केली आणि त्याच्यासारखे साठ जण घरी बसले. तीन महिने तो काम शोधत फिरला. शेवटी त्यानं गावाकडच्या रामहरी मुकादमाला शब्द दिला. जोडपं असेल तरच पूर्ण कोयता धरतात, म्हणून दिशाही निघाली. कुंडीचा फोटो जुनाच होता. दिवस गेल्याचंही दिशानं सांगितलं नव्हतं, नाहीतर आई तिला बघायला सुप्याला आली असती. कोपरगावच्या बाजूला नको, दुसऱ्या कुठल्याही कारखान्याला चला, असं ती नवऱ्याच्या पाया पडून म्हणाली होती; पण टोळी कुठं जाईल हे मुकादमाच्याही हातात नव्हतं. आई शहरातल्या बंगल्यावर आहे, नदीकडं कशाला येईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

"मला का न्हाई सांगितलंस?" गोजरबाईनं विचारलं.

दिशा म्हणाली, "मी सुटले असं तुला वाटत हुतं. तेवढं तरी तुझ्यापाशी ऱ्हावं म्हनून."

गोजरबाईनं तिच्या डोक्यावरची चुंबळ काढून स्वतःच्या हातात घेतली. पोरीच्या केसांना उसाच्या रसाचा चिकट वास येत होता.

रामहरी मुकादम वाईट माणूस नव्हता. पण एक बाई अर्ध्या हंगामात बसली तर ट्रॉली भरणार कशी, हे तो सरळ बोलला. पोटुशी बायका सातव्यापर्यंत तोडतात, हेही बोलला, आणि ते खोटं नव्हतं. गोजरबाईनं स्वतः सहाव्या महिन्यापर्यंत तोडला होता. तिनं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचार करायला एक क्षणही न घेता म्हणाली की उद्यापासून हिच्या जागी मी येते.

सगळ्या टोळीला धक्का बसला. सगळ्यात जास्त करणला. रामहरी म्हणाला, "सासू-जावयाचा कोयता कुठं असतो का बाई? लोक काय म्हनतील?"

"फडात सासू न्हाई आन् जावई न्हाई," गोजरबाई म्हणाली. "ऊस तुटल्याशी मतलब."

दिशा ऐकेना. तुझी कंबर, तू एवढ्या कष्टानं बाहेर पडलीस, माझ्यापायी परत नको. ती उठून कोयता उचलायला गेली. तेव्हा गोजरबाईनं तिला आयुष्यात पहिल्यांदा दरडावलं. मग मरियाताई बांधावरून पुढं आल्या. त्या म्हणाल्या की तीन नंबरच्या घराला पुसायला माणूस लागतोच, आणि बारावी झालेली मुलगी असेल तर पाहुण्यांची नोंद ठेवायचं माझं कामही हलकं होईल. मालकांशी मी बोलते. कोणाचं काय ठरलं हे दिशाला कळायच्या आत मरियाताईंनी तिला आपल्या खोलीवर नेऊन गरम पाणी काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त फार कमी होतं, पण बाळ ठीक होतं. पहिले आठ दिवस दिशा नुसती झोपली. जाग आली की ती दचकून उठायची आणि कोयता शोधायची.

आणि गोजरबाई पहाटे कंबरेला पट्टा बांधून टोळीत जायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिला पायऱ्या चढवेनात, ती हातावर रांगत खोलीत आली आणि दिशा बघायच्या आत अंथरुणावर पडली. करण तिच्याशी बोलायचा नाही. मान खाली घालून तोडायचा, इतका जोरात की दोघांचं काम तो एकटाच ओढायला बघायचा. जड मोळ्या सगळ्या स्वतःच उचलायचा, सासूला फक्त बांधायला ठेवायचा. एका दुपारी भाकरी खाताना तो अचानक म्हणाला, "मामी, मी फसवलं न्हाई. काम खरंच हुतं."

"माहीत हाय मला," गोजरबाई म्हणाली. "पर तिला सांगवत न्हवतं तर तुमी सांगायचं. माझा राग तेवढाच हाय."

त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून दोघं थोडंबहुत बोलू लागले. मळा संपला, टोळी दुसऱ्या गावच्या शिवारात गेली, तिसऱ्या गेली. गोजरबाई कोपीत राहिली, टोळीतल्या बायकांच्यात झोपली. अमावस्येच्या अमावस्येला फड बंद असला की एक दिवस येऊन लेकीला बघून जायची. येताना दर वेळी दिशाच्या गालावर थोडं थोडं मांस दिसायचं, आणि दिशाला आईच्या गालावरचं तेवढंच कमी झालेलं दिसायचं.

मार्चच्या मध्याला कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. टोळीनं शेवटच्या ट्रॉलीला उसाचे तुरे बांधले. टोळी गावाकडं निघाली तेव्हा ट्रक नदीकाठच्या रस्त्यावर थांबला आणि करणनं सासूला हात देऊन खाली उतरवलं. रामहरीनं खाली उतरून तिला हात जोडले. गोजरबाई ताठ उभी राहू शकत नव्हती. डावीकडं थोडी कलून चालायची, ती आजही तशीच चालते.

मेच्या पहिल्या आठवड्यात दिशाला मुलगी झाली, अडीच किलोची. गोजरबाई त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून होती. नर्सनं बाळ हातात दिलं तर तिनं आधी त्याचे तळहात उघडून पाहिले आणि मग पुन्हा मिटले. का पाहिले, असं मरियाताईंनी विचारलं. उगीच, ती म्हणाली.

जुलैत करणला सुप्याला पुन्हा काम लागलं, तेही कंत्राटीच. तो दिशाला न्यायला आला. गोजरबाईनं बाळाची दुपटी पिशवीत भरली, डिंकाचे लाडू डब्यात घातले. लेक नवऱ्याबरोबर जाणार, यात विचारायचं काय? तेव्हा दिशा म्हणाली की मी येत नाही. मालक आणखी दोन घरं मांडणार आहेत, मरियाताईंनी मला हिशोबाचं आणि फोनवरचं सगळं काम दिलंय, ते मी सोडणार नाही. तुमचं काम पक्कं होऊ दे, मग बघू. दर आठवड्याला या.

 जावई चिडेल, उठून जाईल, असं वाटून गोजरबाई मधे पडायला निघाली. पण करण बाळाकडं बघत म्हणाला, "येतो मी शनिवारी." त्यानं पिशवीतली दुपटी काढून खाटेवर ठेवली, लाडवांचा डबा मात्र घेतला आणि तो स्टँडकडं चालू लागला.